पुढच्या मंगळवारी फाईल आणतो

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) :

मी २७ वर्षांची, नोकरी पुण्यात, सध्या बिनपगारी रजेवर. स्तनाचा कर्करोग, निदान झालं तेव्हाच हाडांत पसरलेला होता. दर मंगळवारी डे-केअरमध्ये केमो असते. शेजारच्या खुर्चीत बहुतेक वेळा एक काका असतात. वय ७२, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पाच महिन्यांत आमची घट्ट मैत्री झाली आहे. औषधानं माझी बोटं बधिर झाली आहेत, बाटलीचं झाकण उघडता येत नाही, ते काका उघडून देतात. मी त्यांना मोबाईलवरचे मेसेज वाचून दाखवते. सलाइन संपलं की ते ‘डबल बेल!’ म्हणतात आणि नर्ससुद्धा हसतात.

काकांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. घरच्यांनी त्यांना ‘सूज आहे, ताकदीचं औषध चालू आहे’ असं सांगितलं आहे. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलानं मला जिन्यापाशी गाठलं. आजार यकृतात गेलाय, डॉक्टर केमो थांबवायचं म्हणताहेत, येत्या मंगळवारी बोलायला बोलावलंय. ‘ताई, बाबांना कळू देऊ नका, धसका घेतील.’ मी मान डोलावली. त्याच दिवशी निघताना काका म्हणाले, ‘पुढच्या मंगळवारी फाईल आणतो. कॅन्सर हा शब्द मी शोधला, सापडला नाही. पोराला वाच म्हटलं की चष्मा पुसत बसतो. तू वाच. तू खोटं वाचणार नाहीस.’

मी काय करू? मी त्यांची कोणीच नाही, मला अधिकार आहे का? आई म्हणते, आजारी माणसानं आजारी माणसात जीव अडकवू नये. मंगळवारऐवजी गुरुवार मागून घ्यावा असंही मनात येतं. काकांचं वय तरी झालंय, ते पेलतील, असं वाटतं आणि मग रडू येतं. माझ्याबद्दल त्यांना एवढंच माहीत आहे, की दिवाळीपर्यंत माझी ट्रीटमेंट संपणार. उगाच त्यांना त्रास नको म्हणून तसं सांगितलंय.

प्रिय मैत्रिणी,

तुझं मूळ पत्र नऊ पानांचं आहे. त्यातली आठ काकांवर, आणि तुझ्या स्वतःच्या आजाराबद्दल सगळी मिळून चार वाक्यं. त्याकडे मी येणार आहे, सुटका नाही. पण मंगळवार जवळ आलाय, तेव्हा आधी फाईल.

‘कॅन्सर हा शब्द मी शोधला’ हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. रिपोर्टात तो शब्द सहसा नसतोच. तिथे ॲडिनोकार्सिनोमा, लीजन, मेटास्टॅसिस असलं काहीबाही असतं. इंग्रजी अक्षरं लावता येणारा एक निवृत्त कंडक्टर घरातले झोपल्यावर दिवा लावून पान न् पान बोटानं पाहतोय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. काय शोधायचं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘काहीच कल्पना नाही’ असं आपण कसं म्हणायचं? सुरुवातीला त्यांचा घरच्यांच्या गोष्टीवर विश्वास बसलाही असेल. स्वादुपिंडासाठी देतात त्यातल्या काही औषधांनी केस फारसे जात नाहीत, त्यामुळे आरशानं चुगली केली नसेल. पण शेजारी तू आहेस, डोक्याला स्कार्फ बांधून, दर मंगळवारी. समोरच्या रांगेत आणखी सहा-सात जण तसेच. ज्या माणसानं उभा जन्म प्रवाशांचे चेहरे बघून कोणी तिकीट काढलं नाही ते ओळखलं, त्याला एवढं कळत नसेल?

साठच्या दशकात बार्नी ग्लेझर आणि ॲन्सेल्म स्ट्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत बसून नेमका हाच प्रकार टिपला होता : मरणाच्या वाटेवरचा माणूस आणि त्याच्या भोवतालचे लोक, कोणाला किती माहीत असतं आणि कोण किती माहीत असल्याचं दाखवतो. त्यांनी चार तऱ्हा सांगितल्या. रुग्णाला काहीच ठाऊक नाही. रुग्णाला संशय आहे. दोन्ही बाजूंना ठाऊक आहे पण दोघंही सोंग वठवतात. आणि सगळं उघड आहे. काका दुसऱ्या तऱ्हेतून तिसऱ्या तऱ्हेकडे निघालेत. मुलगा चष्मा पुसतो, बाप ‘सूज उतरतेय’ म्हणतो, दोघं रिक्षात बसून घरी जातात.

आमच्याकडे हे झालेलं आहे. माझ्या आत्याला आम्ही ‘साधी गाठ आहे’ असं सांगितलं होतं. काय काय कसरती केल्या! रिपोर्ट कपाटात कुलपात, फोनवर बोलायचं तर गच्चीवर, दवाखान्याच्या कागदांवर वर्तमानपत्राचं कव्हर. आणि एके दिवशी ती आईबरोबर रिक्षात बसली, तर रिक्षावाला मागे वळून म्हणाला, ‘कॅन्सरच्या दवाखान्यात ना आजी?’ आई सांगते, आत्या फक्त ‘हो’ म्हणाली. त्यानंतर चार महिने ती होती. त्या चार महिन्यांत तिनं एकदाही विषय काढला नाही. आम्ही दुखावू नये म्हणून ती आमच्यापासून लपवत होती आणि ती खचू नये म्हणून आम्ही तिच्यापासून. तिच्या पाटल्या कोणाला द्यायच्या यावरून नंतर भांडण झालं, ते एका वाक्यात मिटलं असतं. पण ते वाक्य विचारणार कोण?

म्हणून त्या मुलाची बाजूही नीट समजून घे. तो खोटारडा नाही, घाबरलेला आहे. ‘धसक्यानं गेले’ हे आपल्या घराघरांतून ऐकू येणारं वाक्य आहे आणि ते आपल्या तोंडून निघालेल्या शब्दांमुळे कोणी म्हणू नये, एवढीच त्याची धडपड आहे. मी काही वर्षं एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम केलंय. ऐकून कोणी जागच्या जागी गेल्याचं मी पाहिलं नाही. दोन दिवस जेवण टाकलेले पाहिले, भिंतीकडे तोंड करून झोपलेले पाहिले. एक आजोबा डॉक्टरांवर इतके भडकले की सलाइनची सुई उपसून चालू लागले, आणि तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी विचारलं, ‘गावाला जाऊन यायला किती दिवस मिळतील?’ हेही खरं, की काहींना खरोखरच ऐकायचं नसतं. ‘मला सांगू नका, पोराशी बोला’ असं ते स्पष्ट म्हणतात, आणि त्यांचं ते ऐकायला हवं. पण ते त्यांनी म्हणायला हवं. काकांनी याच्या अगदी उलट म्हटलंय आणि तुझ्याकडे म्हटलंय.

अधिकाराचं विचारतेस. भारतातल्या डॉक्टरांसाठी २००२ सालची आचारसंहिता आहे. तिच्यात आजाराच्या गांभीर्याबद्दल एक छोटं कलम आहे : डॉक्टरांनी ते फुगवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, आणि त्याची कल्पना रुग्णाला, नातेवाइकांना किंवा ‘जबाबदार मित्रांना’ असेल याची खात्री करावी. मित्र हा शब्द तिथे आहे, हे मला फार आवडतं. तरीही सांगण्याचं काम त्यात डॉक्टरांवर टाकलेलं आहे, तुझ्यावर नाही. तुला फाईल वाचता येते म्हणजे ती उलगडून सांगता येते असं होत नाही. ‘किती दिवस?’ असं त्यांनी विचारलं तर काय सांगशील? तेव्हा काकांसमोर बसून रिपोर्टाचं भाषांतर करायला जाऊ नकोस. आणि खोटंही वाचू नकोस. या दोहोंच्या मधे भरपूर जागा आहे.

मंगळवारच्या आधी मुलाला फोन कर. जिन्यापाशी नाही, घाईत नाही, तो घराबाहेर असेल अशी वेळ विचारून घे. त्याला सांग : ‘दादा, तुम्ही म्हणालात तेव्हा मी मान डोलावली, पण मला ते जमणार नाही. मी आपणहून विषय काढणार नाही. पण काकांनी मंगळवारी मला फाईल वाचायला सांगायचं ठरवलंय आणि मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही. त्याच्या आत तुम्ही किंवा डॉक्टर त्यांच्याशी बोललात तर बरं.’ आणि ते चष्मा पुसण्याचं वाक्य त्याला जसंच्या तसं सांग. बापाला आपलं सोंग दिसतंय हे त्याला अजून माहीत नाही, असा माझा अंदाज आहे. तो चिडेल कदाचित. ‘तुम्ही कोण?’ असंही विचारेल. विचारू दे. सुटल्यासारखा रडेल, हीही शक्यता मी धरते.

डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलंय, हे सोयीचंच झालं. मुलानं आत जाताना काकांना बाहेर बसवू नये, एवढं झालं तरी पुष्कळ. वाईट बातमी कशी सांगावी याची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० सालापासून जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांना माहीत आहे. तिच्यात माहिती सांगण्याच्या आधीच्या पायऱ्या अशा : रुग्णाला आत्तापर्यंत काय समजलंय ते त्याच्याकडूनच ऐकायचं, आणि किती ऐकायचंय ते त्यालाच विचारायचं. या दोन गोष्टी करायला डॉक्टर असावं लागत नाही.

म्हणजे काकांनी तुझ्या मांडीवर फाईल ठेवलीच, तर ती उघडायच्या आधी विचार, ‘काका, तुम्हाला काय वाटतंय, काय असेल यात?’ आणि गप्प बस. ही गप्प बसण्याची वेळ भयंकर लांब वाटते, मधेच पाणी प्यावंसं वाटतं, तरी बस. ते कदाचित म्हणतील, ‘तोच आजार ना?’ तेव्हा ‘हो’ म्हणायला हरकत नाही. तेवढं एक ‘हो’ तुझ्याकडून आलं तर त्यात मुलाचा विश्वासघात नाही. तू त्याला फोनवर आधीच सांगितलेलं असेल. पुढचं मात्र, ‘किती पसरलाय, पुढे काय’ हे, ‘मला नीट सांगता येणार नाही, डॉक्टर आत आहेत, आपण दादाला बोलावून सगळे मिळून विचारू’ असं म्हणून त्यांच्या हातात हात दे. आणि ते जर म्हणाले, ‘राहू दे पोरी, बंद कर ती फाईल,’ तर बंद कर. पाणी हवंय का विचार. माणूस दारापर्यंत येऊन परत फिरतो, पुन्हा येतो.

कळलं म्हणजे दुःखच, असं धरून चालू नकोस. स्वादुपिंडाचा आजार वाढला की पाठीत आरपार जाणारं दुखणं होऊ शकतं, कावीळ होऊ शकते. ज्याला ‘सूज उतरतेय’ असं सांगितलंय तो दुखणं अंगावर काढतो, कारण बरं होताना दुखायचंच. केमो थांबवण्याचं घरोघरी ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असं भाषांतर होतं, ते साफ चूक आहे. दुखण्यासाठी मॉर्फीनच्या गोळ्या आहेत. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालंय. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या मॉर्फीनचं ‘व्यसन लागेल’ ही भीती रुग्णापेक्षा नातेवाइकांनाच जास्त असते. पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊनही हे दुखणं कमी करता येतं. हे सगळं पॅलिएटिव्ह केअरवाले, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्याचा त्रास कमी करणारे, बघतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे आणि तिथे पैसे घेत नाहीत. मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ चं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळात रुग्णाची काळजी घेणारं ठिकाण. त्यांची गोव्यातही शाखा आहे. मुलाला हे सांग. काहीतरी करता येतंय हे हातात आलं की माणसाची लपवालपवी आपोआप सैल पडते.

शिवाय ७२ वर्षांच्या माणसाच्या डोक्यात सातबारा असतो, पेन्शनचं नॉमिनेशन असतं, कोणाचे तरी हातउसने असतात. व्हेंटिलेटर नको, असं आधीच लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ते सोपं केलं : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. पण ज्याला ‘सूज’ आहे तो हे कशाला लिहील?

आता तुझ्याकडे येते.

‘काकांचं वय तरी झालंय.’ हे वाक्य मी रागानं वाचलं नाही. सत्तावीसाव्या वर्षी हाडांत आजार घेऊन बसलेल्या मुलीच्या मनात हे येणारच. तुझ्या वयाच्या मैत्रिणी हॉल बुक करताहेत, ऑनसाइट जाताहेत, आणि तुला ‘तू फायटर आहेस’ असे मेसेज पाठवून पुढे सरकताहेत. पण पिकल्या पानाला गळायची घाई असते, हे आपण हिरव्या पानांनी ठरवलेलं आहे. तूच लिहिलंयस, काकांना नातीचा दहावीचा निकाल बघायचाय. त्यांना जगायचं आहे, तुझ्याइतकंच. आणि गंमत बघ : त्यांचं वय जास्त म्हणून ते खरं पेलतील असं तुला वाटतं, आणि त्यांचं वय जास्त म्हणूनच तुझं खरं ते पेलणार नाहीत असंही वाटतं. दोन्ही कसं खरं असेल?

दिवाळीपर्यंत ट्रीटमेंट संपणार, असं तू त्यांना सांगितलंस. ‘सूज आहे’पेक्षा हे वेगळं आहे का? मुलगा जे करतोय तेच तूही करते आहेस, त्याच माणसाशी, त्याच प्रेमानं. मला वाटतं फाईलच्या प्रश्नानं तुझी झोप उडाली त्याचं अर्धं कारण हे आहे. ‘तू खोटं वाचणार नाहीस’ असं त्यांनी म्हटलं तेव्हा तुला दिवाळी आठवली असणार.

लगेच जाऊन कबुलीजबाब दे असं मी म्हणत नाही. काका स्वतःच्या बातमीनं हादरलेले असतील त्या दिवशी तर मुळीच नको. पण पुढे कधीतरी ते विचारतील, ‘दिवाळीनंतर नोकरीवर जाणार ना?’ तेव्हा ‘काका, माझं औषध संपणारं नाही, ते चालूच राहणार आहे’ एवढं म्हणता येईल. आणि ते खरं आहे. तुझ्या डॉक्टरांशी एकदा निवांत बोल. पसरलेला स्तनाचा कर्करोग आटोक्यात ठेवत काही जण वर्षानुवर्षं काढतात, त्याची आणि स्वादुपिंडाच्या आजाराची वाटचाल एक नाही. ‘चौथी स्टेज’ हा शब्द सारखा असला म्हणून तुझ्या खुर्चीचं आणि त्यांच्या खुर्चीचं वेळापत्रक सारखं होत नाही. काका ‘माझं आयुष्य तुला लागो’ म्हणतील याची तुला धास्ती वाटते, असं तू सातव्या पानावर लिहिलंयस. म्हणू दे की. आमच्या पिढीला प्रेम सांगण्याची दुसरी भाषा शिकवली नव्हती कोणी. तू ‘नको, तुमचं तुम्हालाच ठेवा’ म्हण. ते हसतील.

गुरुवारचं म्हणशील तर, वार बदलणं सोपं आहे. डे-केअरच्या काउंटरवर एक वाक्य बोललं की काम होतं. पण काकांना त्याचा अर्थ फाईलपेक्षा लवकर कळेल. तुझ्या आईचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तिला एकाच वेळी तुझ्या दोन दुःखांची भीती वाटतेय, त्यातलं एक तरी वाचवता येतंय का ते ती पाहतेय. तिला एक दिवस सोबत ने आणि काकांशेजारी बसव.

तुझ्यासारखीच मैत्री असलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी सांगते. एक, केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात तेव्हा ज्याला सर्दी-खोकला आहे त्यानं भेटायला जायचं नाही, कितीही वाटलं तरी, फोनवर बोला. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. अशा मैत्रीला नात्यांच्या यादीत नाव नाही. वॉर्डच्या दारात सुरक्षारक्षक विचारतो, ‘पेशंटच्या कोण?’ आणि तुम्ही गप्प होता. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही नसता. पुढच्या खेपेला शेजारच्या खुर्चीत दुसरंच कोणी बसलेलं दिसतं आणि नर्स नजर चुकवते. बातमी अशी कळू नये असं वाटत असेल, तर आत्ताच बोलून ठेवायला हवं. मुलाला फोन करशील तेव्हा शेवटी हेही सांग : ‘काही झालं तर मला कळवा, रात्र असली तरी चालेल.’

त्याचा नंबर तुझ्याकडे असेलच. काकांकडे तुझ्या आईचा नंबर आहे का? नसेल तर मंगळवारी त्यांच्या खिशातल्या डायरीत लिहून दे. मोठ्या आकड्यांत, बॉलपेननं. तुझ्या बोटांनी पेन धरवत नसेल तर आकडे सांग, ते लिहून घेतील.